फक्त त्याच मशीनवर नापास

१९६६ च्या शेवटी अमेरिकी नौदलाने ग्रेस हॉपर यांना वयोमानानुसार निवृत्त केलं आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या बोलीवर परत बोलावलं. ते सहा महिने काही केल्या संपेनात; बाई १९८६ पर्यंत गणवेशात राहिल्या. बोलावणं आलं ते कोबोलपायी. नौदलाकडे निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक होते, प्रत्येकाबरोबर त्या त्या कंपनीचा कोबोल कंपायलर आलेला, आणि एका मशीनवर सुरळीत चाललेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की कुठेतरी अडायचा. हॉपर यांच्या गटाने जो तोडगा काढला त्यावर मी आजही पोट भरते: लहान लहान कोबोल प्रोग्रामांचा एक संच, प्रत्येकाने भाषेच्या एकेका नियमाला हात घालायचा आणि कंपायलर तिथे पास की नापास ते ठरवायचं. आमचा कंपायलर प्रमाण कोबोलच आहे असं कंपनीने कितीही शपथेवर सांगितलं, तरी आधी परीक्षेला बसा.

मी पुण्यात कंपायलर तपासते. कंपायलर लिहिणारी मंडळी वेगळी. त्यांनी केलेला प्रत्येक बदल हजारो छोट्या प्रोग्रामांवरून फिरवून घ्यायचा आणि जिथे फेल उमटेल तिथे ते का उमटलं हे शोधायचं, एवढं आमचं काम. सगळ्या मशीनवर फेल आलं तर फारसं शोधावं लागत नाही; बदल करणाऱ्याला कळवायचं आणि चहाला जायचं. कस लागतो तो पीसीवर पास, आणखी दोन-तीन प्रोसेसरवर पास आणि एकाच ठिकाणी नापास झालेल्या टेस्टला. अशा वेळी खोलीतल्या प्रत्येकाला आधी त्या मशीनचाच संशय येतो. चिप भिकार आहे, तिचा सिम्युलेटर जुना आहे, ती वापरतं तरी कोण. या धंद्याचा साठ वर्षांचा इतिहास चाळला तर हा संशय क्वचितच खरा ठरलेला दिसतो. बहुतेक वेळा कोणीतरी एक गोष्ट मनात धरून चाललेलं असतं, ती कुठेच लिहिलेली नसते, आणि ते एक मशीन ती मान्य करत नाही.

कोबोलनंतर सर्वांत कडक परीक्षा झाली ती एडाची. अमेरिकी संरक्षण खात्याला एकच भाषा सगळीकडे हवी होती, आणि तिच्या कंपायलरांसाठी सॉफ्टेक कंपनीत जॉन गुडइनफ यांच्या देखरेखीखाली एसीव्हीसी नावाचा टेस्ट-संच तयार झाला. ११ एप्रिल १९८३ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाचा एडा/एड पहिल्यांदा त्यातून पार पडला. तो सेटल नावाच्या भाषेत लिहिलेला होता आणि इतका संथ की रोजच्या कामाला कोणी हात लावला नसता. पण परीक्षा वेगाची नव्हतीच. मला त्या व्यवस्थेतली आवडते ती प्रमाणपत्राची रीत. त्यावर कंपायलरच्या नावाबरोबर दोन मशीन नोंदलेली असत: कंपायलर स्वतः ज्यावर चालतो ते, आणि त्याने तयार केलेला प्रोग्राम ज्यावर चालणार ते. प्रमाणपत्र त्या जोडीचं. ‘कंपायलर बरोबर आहे’ या वाक्याला मशीनच्या नावाशिवाय अर्थ नाही, हे सरकारी कागदावर आलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

सीचा मामला उलटा. तिथे आधी मशीन, मग भाषा आणि नियम सगळ्यात शेवटी. डेनिस रिची यांनी सी घडवली ती पीडीपी-११ समोर बसून, आणि त्या मशीनच्या सवयी न सांगता भाषेत शिरल्या. १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन युनिक्स घेऊन इंटरडेटा ८/३२ कडे वळले, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वूलन्गाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे ते इंटरडेटा ७/३२ वर नेलं. तेव्हा या सवयी एकेक करून बाहेर पडल्या. बाइटांचा क्रम ही त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध. दोन बाइटांच्या शब्दात आधी कोणता बाइट ठेवायचा यावर मशीनमशीनचं एकमत नाही, आणि ‘युनिक्स’ची इंग्रजी अक्षरं जोडीजोडीने उलटी होऊन पडद्यावर एन-यू-एक्स-आय उमटलं ही कथा आमच्या धंद्यात अजून सांगितली जाते. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणावर एक लेख लिहिला आणि गलिव्हरच्या गोष्टीतली, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावर भांडणारी ती तंटेखोर मंडळी उसनी घेतली. तेव्हापासून बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन.

बाइटांचा क्रम निदान लगेच दिसतो. कॅरचं, म्हणजे एक अक्षर ठेवायच्या सीमधल्या प्रकाराचं, चिन्ह दिसत नाही. पीडीपी-११ मेमरीतून एक बाइट रजिस्टरमध्ये उचलताना त्याचं चिन्ह पसरवत असे, म्हणजे २५५ चा बाइट आत गेला की उणे एक व्हायचा. म्हणून तिथल्या सीमध्ये कॅर हा ऋण होऊ शकणारा. १९७८ च्या कर्निहन-रिची पुस्तकात ज्या चार मशीनचा विचार केला आहे त्यांत असं वागणारं मशीन पीडीपी-११ हे एकटंच होतं, आणि लेखकांनी तसं लिहूनही ठेवलं. १९८९ च्या प्रमाणीकरणात समितीने हा निर्णय ज्याच्या त्याच्या कंपायलरवर सोपवला, कारण तोवर दोन्ही प्रकारचे प्रोग्राम अफाट लिहून झाले होते.

त्याचा परिणाम आजही भोगावा लागतो. फाइलमधून एकेक अक्षर वाचायचं आणि फाइल संपल्याची खूण, म्हणजे बहुतेक ठिकाणी उणे एक, मिळाली की थांबायचं, हा पहिल्या वर्षाच्या मुलांचा लूप. वाचलेलं अक्षर इंटऐवजी कॅरमध्ये ठेवलं की पीसीवर सगळं ठीक. लिनक्सवर चालणाऱ्या एआरएम किंवा पॉवरपीसीवर कॅर ऋण होत नाही. उणे एक आत जाताना २५५ होतो, २५५ आणि उणे एक कधी जुळत नाहीत, आणि प्रोग्राम थांबायचं नाव घेत नाही. टेस्टच्या लॉगमध्ये ‘फेल’सुद्धा येत नाही, नुसता टाइम-आउट. ॲपलने मात्र स्वतःच्या एआरएमवर कॅर ऋण होऊ शकणाराच ठेवला आहे, त्यामुळे मॅकवर सगळं हिरवं आणि सर्व्हरवर टाइम-आउट, प्रोसेसरचं घराणं एकच. नवीन मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात.

मधल्या काळात व्हॅक्सचं राज्य होतं. त्यावरच्या युनिक्सवर शून्य पत्त्यावरून वाचलं तर निमूटपणे शून्य मिळायचं, म्हणून रिकामा पॉइंटर वाचणारे प्रोग्राम वर्षानुवर्षं खपून गेले आणि सनच्या मशीनवर आल्यावर कोसळले. तो विषय मोठा आहे, पण त्यात नवं काही नाही; व्हॅक्सने चूक लपवली, सनने सांगितली.

पुण्याचा या धंद्याशी संबंध आला तो जपानी चिपमुळे. हिताचीचे एसएच आणि एच-८ हे प्रोसेसर, २००३ पासून रेनेसासचे. एसएच-२ सेगाच्या सॅटर्नमध्ये होता, एसएच-४ ड्रीमकास्टमध्ये, आणि एच-८ लेगोच्या १९९८ च्या माइंडस्टॉर्म्स संचातल्या पिवळ्या विटेत. या दोन्ही घराण्यांसाठी जीसीसी या मुक्त कंपायलरवर आधारलेली अवजारं जुळवून मोफत द्यायचं काम पुण्यातल्या केपीआयटी कमिन्सच्या गटाने बरीच वर्षं केलं. त्या काळात शहरात असली कामं करणाऱ्या इतरही लहानमोठ्या कंपन्या होत्या. मी त्यांतल्या एकीत लागले. जीसीसीच्या पोटात शिरायला तेव्हा धड पुस्तक नव्हतं. आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटर होतं, तिथे उदय खेडकर आणि त्यांचे सहकारी कार्यशाळा घेत. मशीनचं वर्णन कंपायलरला कोणत्या फायलींतून कळतं आणि त्यातून पुढे सूचना कशा निवडल्या जातात, हे तिथे शिकवलं जाई. बाकी सगळं शिकायचं ते फेल झालेल्या टेस्टकडून.

आणि फेल व्हायला एच-८ सारखं मशीन नाही. जीसीसीमध्ये त्याचा इंट मुळात १६ बिटांचा, बाइटांचा क्रम बिग-एंडियन, स्टॅक तुटपुंजा. खरा बोर्ड टेबलावर ठेवावा लागत नसे. जीडीबी या डीबगरबरोबर येणारा सिम्युलेटर पुरायचा. वर डेजाग्नू नावाची चौकट, सिग्नस कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी डॉन लिब्स यांच्या एक्स्पेक्टवर उभारलेली: ती प्रोग्राम कंपाइल करणार, सिम्युलेटरवर चढवणार, निकाल गोळा करणार. जीसीसीच्या संचातल्या एका भागाचं नावच ‘टॉर्चर’ आहे. त्यातला प्रत्येक प्रोग्राम ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक पातळीवर चालतो, ओ-झिरो, ओ-वन, ओ-टू, ओ-थ्री, ओ-एस, शिवाय काही जोडपर्याय. एक प्रोग्राम नापास झाला तर लॉगमध्ये एकदम पाच-सात ओळी लाल होतात.

एका लॉगमध्ये अशाच एका टेस्टच्या सगळ्या ओळी लाल होत्या. एसएचवर पास, पीसीवर पास, एच-८ वर वरपासून खालपर्यंत फेल. इथे पहिली खूण मिळते: ऑप्टिमायझर चुकला असता तर ओ-झिरोची ओळ तरी वाचली असती. टेस्ट दहाबारा ओळींची. दोन अनसाइन्ड शॉर्ट, एकात ३, दुसऱ्यात ५. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, आणि उत्तर शून्यापेक्षा कमी नसेल तर ॲबॉर्ट.

“ताई, सिम्युलेटर गंडलाय,” टीममध्ये नुकताच आलेला मुलगा म्हणाला. “तीनातून पाच गेले तर उणे दोनच येणार ना?”

“आधी असेम्ब्ली काढ रे, मग सिम्युलेटरला नावं ठेव. तुलना कुठे आहे ते दाखव मला.”

त्याने फाइल उघडली, वरून खाली गेला, खालून वर आला. तुलना नव्हतीच. ॲबॉर्टला जायची उडी होती, आणि तिला कसलीही अट नव्हती. हे उत्तर शून्यापेक्षा कमी असणं शक्य नाही असं कंपायलरने आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि ते बरोबर होतं. सीमध्ये गणित करण्याआधी लहान प्रकार मोठे केले जातात. अनसाइन्ड शॉर्टच्या सगळ्या किमती इंटमध्ये मावत असतील तर तो इंट होतो. मावत नसतील तर अनसाइन्ड इंट. पीसीवर इंट ३२ बिटांचा, ६५५३५ त्यात सहज मावतात, म्हणून तिथे उणे दोन. एच-८ वर इंट १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून दोन्ही संख्या अनसाइन्ड होतात आणि तीन वजा पाच म्हणजे ६५५३४. दोन मशीन, दोन उत्तरं, दोन्ही प्रमाण सीनुसार अचूक. हा नियमही १९८९ च्याच समितीचा. त्याआधीच्या युनिक्स कंपायलरांमध्ये अनसाइन्ड शॉर्ट मोठा होतानाही अनसाइन्डच राहायचा. समितीने चिन्हाऐवजी किंमत जपायचं ठरवलं, आणि त्यामुळे उत्तर इंटच्या रुंदीवर अवलंबून राहिलं. समितीची बाजू मला पटते. नवशिक्याला तीन वजा पाच म्हणजे उणे दोनच मिळायला हवेत, आणि बहुतेक मशीनवर ते मिळतात. पण टेस्ट लिहिणाऱ्याने ‘बहुतेक’ हा शब्द वाचला नव्हता. दुरुस्ती एका ओळीची होती: टेस्टच्या डोक्यावर ‘इंट ३२ किंवा जास्त बिटांचा असेल तरच’ अशी अट. जीसीसीच्या संचात या अटीला स्वतंत्र नावच आहे, यावरून ती किती वेळा लागली असेल याचा अंदाज यावा.

संशयित नेहमी तीन असतात: टेस्ट, कंपायलर आणि ज्यावर चालवलं ते. सिम्युलेटरही कधी कधी खरंच दोषी निघतो, विशेषतः वजाबाकीनंतरच्या कॅरी फ्लॅगपाशी. कंपायलर दोषी असेल तर तो सहसा ओ-टूला पकडला जातो, आणि मग प्रत्येक टप्प्यानंतरचा डंप काढून चांगला आणि वाईट शेजारी शेजारी ठेवून वाचत बसायचं. २०११ मध्ये युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर यांच्या गटाने सीस्मिथ हे अवजार मांडलं. ते रँडम पद्धतीने सीचे प्रोग्राम बनवतं आणि निरनिराळ्या कंपायलरांची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतं; त्या कामात तोवर माहीत नसलेले ३२५ हून अधिक दोष निघाले. एवढ्या वापरातल्या कंपायलरांमध्ये! कंपायलर चुकत नाही, आपणच चुकतो, असं कॉलेजात शिकवणाऱ्यांनी तो निबंध एकदा वाचावा.

आता इतका वेळ आडगावच्या चिपांबद्दल बोलले, पण या इतिहासातला सगळ्यात मोठा एकांडा नापास आपल्या सगळ्यांच्या टेबलावर होता. इंटेलने १९८० मध्ये ८०८७ हा गणिती जोड-प्रोसेसर काढला. त्याच्या अंकगणितामागे बर्कलीचे विल्यम केहन यांचं डोकं होतं, आणि त्याच विचारातून १९८५ चं आयईईई ७५४ हे प्रमाण आलं. केहन यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. ८०८७ ची आठ रजिस्टरं ८० बिटांची होती. मेमरीतला डबल ६४ बिटांचा, त्यातले ५३ बिट अचूकतेचे. रजिस्टरमध्ये गेला की अचूकतेला ६४ बिट मिळत. मधल्या पायऱ्यांवर जास्तीची अचूकता ठेवली तर गणित न जाणणाराही चुकीच्या उत्तरापासून वाचेल, हा केहन यांचा आग्रह, आणि गणिती म्हणून तो रास्तच होता.

अडचण कंपायलरची झाली. रजिस्टरं आठच, ती भरली की एखादी किंमत मेमरीत उतरवावी लागते, आणि उतरताना तिचे ११ बिट गळतात. कोणती किंमत कधी उतरेल ते कंपायलर ठरवणार, आणि त्याचा निर्णय ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर, आजूबाजूच्या ओळींवर, मध्येच टाकलेल्या एका छपाईच्या ओळीवर अवलंबून. एकच सूत्र दोनदा मोजून ‘दोन्ही समान आहेत का’ असं विचारलं तर उत्तर कधी हो, कधी नाही. काय चाललंय ते पाहावं म्हणून छपाई घातली की बग गायब. जीसीसीच्या नोंदवहीत ही तक्रार २००० साली ३२३ या क्रमांकाने दाखल झाली, आणि पुढे कित्येक वर्षं नवनवे लोक तीच तक्रार नव्याने आणत राहिले व त्यांना ३२३ कडे पाठवलं जात राहिलं. दोष कंपायलरचा की चिपचा यावर तिथे जे वाद झाले ते वाचण्यासारखे आहेत. माझं मत कंपायलरच्या विरुद्ध आहे. चिप जे करते ते तिच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. भाषेने दिलेलं वचन पाळायची जबाबदारी कंपायलरची. शेवटी २०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये सीसाठी जास्तीची अचूकता नियमात बांधणारा पर्याय आला. सी-प्लस-प्लससाठी तो यायला जीसीसी १३, म्हणजे २०२३ उजाडलं.

जावाने सुरुवातीला ताठ पवित्रा घेतला होता: उत्तर सगळ्या मशीनवर बिटागणिक तेच. इंटेलच्या चिपवर हे पाळायचं म्हणजे वेग गमवायचा. १९९८ मध्ये जावा १.२ ने माघार घेतली, नियम सैल केला आणि ज्यांना जुनी शिस्त हवी त्यांच्यासाठी स्ट्रिक्टएफपी हा शब्द दिला. पेंटियम-४ बरोबर एसएसई-२ आलं, त्यातली रजिस्टरं डबलला डबलच ठेवतात, आणि ६४ बिटांच्या एएमडी-इंटेल मशीनवर तेच मूळ ठरलं. जावाचा मूळ नियम परत आला तो २०२१ मध्ये, जावा १७ ला. एका चिपच्या चांगल्या हेतूपायी एका भाषेचा कायदा तेवीस वर्षं सैल राहिला.

पण या ८० बिटांच्या रजिस्टरांचा सगळ्यात नाट्यमय निकाल लागला पीएचपीत. २०११ उजाडता उजाडता रिक रीगन या अभ्यासकाने जाहीर केलं की २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात, एवढी संख्या पीएचपीला दिली की ते कायमचं गुंतून पडतं. फक्त ३२ बिटांच्या बिल्डवर. ६४ बिटांवर काही नाही. संख्या रँडम नाही: डबलमध्ये नेहमीच्या रूपात मावणारी सर्वांत लहान धन संख्या आणि तिच्या खालचा विरळ प्रदेश यांच्या सीमेवर ती बसते. अक्षरांतून संख्या बनवताना पीएचपीचा कोड आधी एक अंदाज धरतो, चूक मोजतो, अंदाज सुधारतो, आणि सुधारायला काही उरलं नाही की थांबतो. ८०८७ च्या परंपरेतल्या रजिस्टरमध्ये ती चूक ८० बिटांत मोजली जात होती, अंदाज मात्र ६४ बिटांत उतरत होता. प्रत्येक फेरीत सुधारणा करायची आणि ती उतरताना पुसली जायची. एखाद्या संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये ही संख्या टाइप केली की सर्व्हरचा एक प्रोसेसर त्यात अडकून बसणार, म्हणजे हा निव्वळ गणिताचा प्रश्न राहिला नाही. ६ जानेवारी २०११ रोजी पीएचपी ५.३.५ आणि ५.२.१७ दुरुस्तीसह बाहेर आले. दुरुस्ती काय, तर व्हेरिएबलच्या आधी व्होलाटाइल हा शब्द, जेणेकरून किंमत दर वेळी मेमरीत उतरलीच पाहिजे.

महिनाभरातच जावातही तशीच संख्या सापडली, शेवटचा अंक तेवढा २. ती प्रोग्राममध्ये लिहिली तर प्रोग्राम चालायच्या आधी जावाचा कंपायलरच लटकायचा. ओरॅकलने फेब्रुवारीत तातडीची दुरुस्ती काढली. तिथे मात्र चिपवर ढकलायची सोय नव्हती.

ढकलायची सोय असली की काय होतं हे मी जवळून पाहिलं आहे. डेजाग्नूत पास आणि फेलच्या जोडीला एक्सफेल आहे: ही टेस्ट नापास होणार हे आम्हाला माहीत आहे, तिच्यामुळे अडू नका. शेजारी प्लॅटफॉर्मचं नाव लिहायचं, की तेवढ्या मशीनवर ती लाल दिसायची थांबते. कारण माहीत असेल आणि ते तिथेच लिहिलं असेल, तर एक्सफेल हा प्रामाणिक व्यवहार आहे. एका ग्राहकाला प्रत्येक रिलीजच्या यादीत फेल शून्य हवे असत, आणि रिलीजच्या आदल्या आठवड्यात नुसती प्लॅटफॉर्मची नावं असलेले एक्सफेल आपोआप वाढत. कारणाच्या जागी काहीच नाही. दोन वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्याने काय समजायचं? मी अशा ओळी परीक्षणात परत पाठवते, आणि त्यासाठी टीममध्ये माझी फारशी लोकप्रियता नाही.

मशीन म्हणजे नुसती चिप नव्हे, हेही सांगायला हवं. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग अजून ३२ बिटांचा आहे, लिनक्सवर ६४ चा. पीएचपीत तर भाषा-प्रदेशाची सेटिंग तुर्की केली की इंग्रजी आय असलेली काही क्लासची नावं सापडत नसत, कारण तुर्कीत मोठ्या आयचं लहान रूप बिनटिंबाचं. ती तक्रार २००२ मध्ये नोंदली गेली आणि २०१३ च्या पीएचपी ५.५ मध्ये मिटली. अकरा वर्षं! इस्तंबूलच्या प्रोग्रामरांनी तोवर काय केलं असेल, तर बहुधा सर्व्हरची सेटिंग इंग्रजी ठेवली असेल.

गो भाषेने ८०८७ च्या गणिताचा निकाल २०२१ मध्ये लावला: गो १.१६ पासून ते गणित वापरायची सोयच काढली. एसएसई-२ नसलेल्या पुराण्या मशीनसाठी सॉफ्टफ्लोट, म्हणजे सगळं अंकगणित साध्या पूर्णांक सूचनांतून, हळू पण हमखास. पण त्याच भाषेत नवा एकांडा नापास तयार होताच. एआरएम-६४, पॉवर आणि आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते, मध्ये राउंडिंग न करता. गोच्या नियमांनी १.९ पासून कंपायलरला ही मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. त्यामुळे शेवटच्या अंकापर्यंत उत्तर ताडणारी टेस्ट इंटेलवर पास आणि एआरएमवर नापास. २०२० च्या अखेरीस ॲपलचा एम-१ आला आणि हा नापास एकाएकी हजारो लोकांच्या मांडीवरच्या मशीनवर पोचला. गोमध्ये तो टाळायचा मार्ग नियमातच आहे: गुणाकाराभोवती स्पष्ट फ्लोट-६४ लावा, म्हणजे तिथे राउंडिंग होणारच. 

चिपा अशा येतात-जातात, पण कंपायलरमधून त्या केव्हा जातात, हे टेस्ट कोण चालवतं यावर ठरतं. जीसीसीमध्ये तुलनेचा निकाल मांडायची सीसी-झिरो नावाची एक जुनी पद्धत होती. मुख्य चिपा ती सोडून कधीच पुढे गेल्या होत्या; मागे राहिले होते व्हॅक्स, मोटोरोला ६८०००, एव्हीआर, एच-८ यांसारखे. २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ मधून ती पद्धत काढून टाकली, आणि त्याआधी सांगितलं गेलं होतं की जो बॅकएंड, म्हणजे एकेका चिपसाठीचा कंपायलरचा भाग, नव्या पद्धतीवर येणार नाही तो जाईल. ६८००० च्या चाहत्यांनी वर्गणी काढून एका जाणकाराकडून ते काम करून घेतलं. एच-८ ही आला. अशा कामात हाताशी एकच पुरावा असतो: बदलाआधीचा टेस्टचा निकाल आणि बदलानंतरचा, ओळीला ओळ लावून. ज्या बॅकएंडचा ‘आधीचा निकाल’च कोणाकडे नाही, त्याच्यासाठी वर्गणी काढूनही काही होत नाही.

रस्टने हाच हिशेब लेखी धोरणात उतरवला आहे. पहिल्या श्रेणीतल्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक बदलाआधी सगळ्या टेस्ट चालतात, दुसऱ्या श्रेणीत बिल्ड होतं एवढीच हमी, तिसरीत तीही नाही. आयबीएमचा झेड दुसऱ्या श्रेणीत आहे. आणि सध्या मोठ्या वापरात असलेलं बिग-एंडियन मशीन म्हणाल तर जवळपास तेवढंच उरलं आहे. स्पार्क गेला, पॉवरसुद्धा लिनक्सवर लिटल-एंडियन झाला. मेनफ्रेम काही कोणी घरी आणत नाही. क्यूईएमयूवर त्याची नक्कल चालवता येते, किंवा रस्टमध्ये मिरी हे अवजार प्रोग्रामला आपण त्याच मशीनवर आहोत असं भासवून ओळीओळीने चालवतं, आणि बिग-एंडियन चाचणीसाठी झेडचंच नाव द्या असं त्याच्या माहितीपत्रकात सुचवलेलं आहे. आमच्या टीममध्ये रात्रीच्या बिल्डमध्ये ते मी घालून घेतलं आहे. वेळ खातं, त्यावरून दर तिमाहीला कोणीतरी कुरकुरतं. पहिल्याच आठवड्यात त्यात दोन टेस्ट लाल झाल्या. दोन्हींत लिहिणाऱ्याने चार बाइट थेट फाइलमध्ये ओतले होते.